उशिरा निवडलेला पिचर आणि ईआरएचा चकवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांच्या) बेसबॉलवर आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून मजकूर येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) उशिरा निवडल्या गेलेल्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) विषय निघाला की बहुतेक लेखांत तीनच गोष्टी सापडतात: पोरगा कितव्या फेरीतला, त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे, एरर वगळून, त्याच्या नावावर लागलेल्या धावा) किती, आणि शेवटी मेजरमध्ये नाव काढलेल्या पिचरचा दाखला देत ‘जेकब डिग्रॉमसुद्धा नवव्या फेरीतलाच होता’ हे वाक्य. या तिन्हींवरून त्याच्या भवितव्याबद्दल फार थोडे कळते. जे पाहायला हवे ते बोनसच्या रकमेत, वयात, वॉकच्या (चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर पडल्यामुळे बॅटरला मिळणाऱ्या फुकट बेसच्या) रकान्यात आणि चेंडूच्या चालीत असते. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबले आहे.

आधी फेरीच्या आकड्याविषयी. हा ड्राफ्ट १९६५ पासून चालू आहे, पण त्याची लांबी सारखी बदलत आली. २०१२ ते २०१९ मध्ये ४० फेऱ्या होत्या, २०२० मध्ये फक्त ५ झाल्या आणि २०२१ पासून २० आहेत. म्हणजे आता वर्षाला सहाशेहून थोडी जास्त नावे निघतात, पूर्वी बाराशेच्या वर निघत. त्यामुळे ३८व्या फेरीतल्या मार्क बर्लीचे (१९९८) किंवा ३६व्या फेरीतल्या नेस्टर कोर्टेसचे (२०१३) उदाहरण देऊन आजच्या १८व्या फेरीतल्या मुलाला धीर देण्यात अर्थ नाही. आज त्या जागेवरचा मुलगा ड्राफ्टमध्ये नसतोच. तो ड्राफ्ट संपल्यावर मोकळा खेळाडू म्हणून करार करतो.

बर्ली आणि अँडी पेटिट (२२वी फेरी, १९९०) यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. त्या काळी ‘ड्राफ्ट अँड फॉलो’ नावाची सोय होती. ज्युनियर कॉलेजमधल्या मुलाचे नाव क्लबने उशिराच्या फेरीत घालून ठेवायचे, पुढचा हंगाम त्याला तिथेच खेळताना पाहायचे आणि मग वसंतात करार करायचा की नाही ते ठरवायचे. दोघेही याच वाटेने आले. त्यांची फेरी ही त्यांची किंमत नव्हती, क्लबने जागा धरण्यासाठी टाकलेला रुमाल होता. २००७ पासून ही सोय बंद झाली; २०२२ मध्ये ती मर्यादित रूपात परत आली. जॉन स्मोल्ट्झ २२व्या फेरीत (१९८५) गेला, कारण तो मिशिगन स्टेट विद्यापीठात जाणार असा समज होता. या नावांची माळ ओवून ‘उशिरा निवडलेले चमकतात’ असे म्हणणे म्हणजे लॉटरी लागलेल्यांच्याच मुलाखती घेण्यासारखे आहे. त्यांच्या आगेमागे निवडलेले जे शेकडो पिचर सिंगल-ए (मायनरची खालची पायरी; तिच्यावर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर) मधूनच घरी गेले, त्यांच्यावर कोणी लिहीत नाही.

आजच्या ड्राफ्टमध्ये फेरीपेक्षा साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) जास्त बोलतो. पहिल्या १० फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला ठरलेली रक्कम असते आणि त्यांची बेरीज म्हणजे क्लबचा बोनस पूल. पूल ५ टक्क्यांपर्यंत ओलांडला तर वाढीव रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्यापुढे गेले तर पहिल्या फेरीतली भावी निवड जाते. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या एखाद्याने करार केला नाही तर त्याच्या जागेची रक्कम पुलातून वजा होते. म्हणून क्लब काय करतात? सहाव्या ते दहाव्या फेरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुले उचलतात. त्यांच्याकडे परत कॉलेजला जाण्याची धमकी नसते, त्यामुळे ती थोडक्यात मिळतात, कधी दहा हजार डॉलरमध्येही. वाचलेला पैसा वरच्या एखाद्या निवडीला किंवा ११व्या फेरीनंतरच्या एखाद्या शाळकरी मुलाला जातो. अकराव्या फेरीपासून दीड लाख डॉलरपर्यंतची रक्कम पुलात धरत नाहीत (२०२३ च्या आधी ही मर्यादा १,२५,००० होती), तिच्या वरची धरतात. तेव्हा नवव्या फेरीत १०,००० डॉलर घेतलेला २२ वर्षांचा पिचर आणि १३व्या फेरीत ४,००,००० घेतलेला १८ वर्षांचा पिचर, यांत क्लबच्या लेखी वरचढ कोण हे वेगळे सांगायला नको. तारिक स्कुबल २०१८ मध्ये नवव्या फेरीतला, एकूण २५५वा. पण त्याला डेट्रॉइटने ३,५०,००० डॉलर दिले, म्हणजे त्या जागेच्या ठरीव रकमेपेक्षा बरेच जास्त. त्याला ‘कोणाच्याही नजरेत न भरलेला’ म्हणणे चुकीचे आहे. नजरेत भरला होता, भीती होती ती त्याच्या कोपराची आणि वॉकची.

इथे मुख्य प्रश्न येतो: हा मुलगा उशिरा का गेला? कारण समजले तर ते दुरुस्त होण्याजोगे आहे का, हे विचारता येते. दुखापत हे कारण असेल तर आधी अवयव पाहावा. कोपरातल्या लिगामेंटची शस्त्रक्रिया, जिला टॉमी जॉन म्हणतात, तिच्यानंतर साधारण १२ ते १८ महिन्यांत पिचर परततो, आणि परतणाऱ्यांचे प्रमाण चांगले आहे. खांद्यातल्या लेब्रमचे (सांध्याच्या कडेच्या कुर्चेचे) तसे नाही. तिथे वेग परत येईल याची खात्री कोणी देत नाही. दुसरे कारण म्हणजे उशिरा सुरुवात. डिग्रॉम स्टेटसन विद्यापीठात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला तो २०१० मध्ये, म्हणजे ड्राफ्टच्याच वर्षी. त्याच ऑक्टोबरात त्याची टॉमी जॉन झाली आणि २०११ चा अख्खा हंगाम गेला. त्या पुनर्वसनाच्या काळात नावाजलेला पिचर योहान सांताना याच्याकडून त्याने चेंजअपचे (फास्टबॉलसारखा भासणाऱ्या पण हळू येणाऱ्या चेंडूचे) धडे घेतले. तो मेजरमध्ये आला मे २०१४ मध्ये, सव्वीस वर्षे पुरी व्हायला महिना बाकी असताना. त्याचे उदाहरण द्यायचे असेल तर पूर्ण द्यावे: हात ताजा, शरीर शॉर्टस्टॉपचे चपळ, डिलिव्हरीत (चेंडू टाकण्याच्या हालचालीत) घट्ट बसलेल्या चुकीच्या सवयी नाहीत, आणि क्लबने चार वर्षे वाट पाहिली. यातल्या किती गोष्टी आपल्या नव्या नायकाला लागू आहेत?

वॉक फार देतो म्हणून घसरलेला पिचर ही सर्वांत अवघड जात. काहींचे वॉक डिलिव्हरीतल्या एका दोषामुळे असतात. पुढचा पाय टेकतो तेव्हा हात वेळेवर वर आलेला नसतो, मग चेंडू हाताच्या बाजूला आणि उंच सुटतो. हा दोष व्हिडिओत दिसतो आणि कधी कधी एका हिवाळ्यात सुटतो. काहींचा चेंडू मात्र दर वेळी वेगळीकडे चुकतो: एकदा खाली, एकदा आत, एकदा बॅटरच्या डोक्यावरून. अशांच्या बाबतीत आशा कमी ठेवावी. चुका एकाच दिशेला पडत असतील तर दुरुस्तीला जागा आहे, एवढे ढोबळ सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. उरली उंची. बुटक्या पिचरना पूर्वी सरळ खालच्या फेऱ्यांत ढकलत. आता तो हिशेब उलटला आहे.

तो का उलटला हे कळायला चेंडूची चाल समजावी लागते. फोर-सीम फास्टबॉलला (नेहमीच्या सरळ वेगवान चेंडूला) मागे फिरकी असते, त्यामुळे तो निव्वळ गुरुत्वाकर्षणाने जितका पडला असता त्यापेक्षा कमी पडतो. हा फरक इंचांत मोजतात. मेजरमध्ये सरासरी सोळा इंचांच्या आसपास. अठरा-एकोणीस इंच असेल तर बॅटरला चेंडू ‘वर उठल्यासारखा’ वाटतो आणि बॅट खालून जाते. हाच चेंडू सहा फुटांऐवजी पाच फुटांवरून सुटला तर तो प्लेटवर चपट्या कोनातून येतो आणि झोनच्या वरच्या भागात आणखी फसवा होतो. जो रायन (सातवी फेरी, २०१८) याचा फास्टबॉल मेजरमधल्या पहिल्या वर्षांत ताशी ९२ मैलांच्या आसपास होता, म्हणजे १४८ किलोमीटर. मेजरची सरासरी ९४ मैल, म्हणजे १५१. तरीही त्याच्या फास्टबॉलवर बॅटर चुकत, कारण तो खालून सुटतो आणि वर राहतो. याउलट बेली ओबर (१२वी फेरी, २०१७) ६ फूट ९ इंचांचा. वेग बेताचाच, पण तो चेंडू सोडतो रबरापासून (पिचर पाय टेकवतो त्या पट्टीपासून) सात फुटांहून पुढे. सरासरी साडेसहा फुटांच्या आतली आहे. बॅटरला तेवढा वेळ कमी मिळतो.

फिरकीचा नुसता आकडा मात्र कोणी छापू नये. मिनिटाला २५०० फेरे आहेत म्हणून चेंडू वर राहतो असे नाही. बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी असेल तर त्या फेऱ्यांनी चेंडू हलत नाही. आणि वेग लिहिताना ‘९७ ला पोचला’ हे वाक्य टाळावे. एखाद्या चेंडूला ९७ लागले, मग बाकीचे? सरासरी किती आणि पाचव्या इनिंगमध्ये किती, हे महत्त्वाचे. पहिल्या इनिंगला ९५ आणि पाचवीत ९१ असणारा पिचर स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून टिकत नाही. त्याची जागा बुलपेनमध्ये (नंतर उतरणाऱ्या रिलीव्हर पिचरच्या ताफ्यात) असते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

हा मोजणीचा डेटा सगळ्यांना सगळीकडे मिळत नाही. फ्लोरिडा स्टेट लीगचा (सिंगल-ए) डेटा २०२१ पासून आणि ट्रिपल-ए चा २०२३ पासून लोकांसाठी खुला आहे. मधल्या हाय-ए आणि डबल-ए मध्ये बाहेरच्या माणसाला बहुतांशी बॉक्स स्कोअरवरच (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यावरच) भागवावे लागते. म्हणून त्याच्या वाचनाविषयी थोडे.

ईआरए बाजूला ठेवा. सिंगल-ए मध्ये शॉर्टस्टॉप १९ वर्षांचा असतो, मैदाने खडबडीत, एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) की हिट हे ठरवणारा स्कोअररही शिकाऊच. पिचर दोन बॅटर बेसवर ठेवून बाहेर गेला की ते धावले की नाही हे पुढच्याच्या हातात, पण धावा लागतात याच्या नावावर. त्याऐवजी सामोरे आलेल्या बॅटरमागे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि वॉक मोजा. नऊ इनिंगमागे स्ट्राइकआउट ही जुनी मोजणी फसवते, कारण जो जास्त वॉक आणि हिट देतो त्याला तेवढ्याच इनिंगमध्ये जास्त बॅटर मिळतात. दोघांनी ९ इनिंगमध्ये १२-१२ स्ट्राइकआउट घेतले असे धरू. एकाने ३४ बॅटरना चेंडू टाकले, दुसऱ्याने ४५. पहिल्याचे प्रमाण ३५ टक्के, दुसऱ्याचे २७. छापताना दोघांपुढे ‘१२.०’ असेच लागते.

स्ट्राइकआउटच्या टक्क्यातून वॉकचा टक्का वजा केला की जो आकडा उरतो तो एकट्याने बरेच सांगतो. मेजरमध्ये स्ट्राइकआउट २२-२३ टक्के आणि वॉक ८ च्या आसपास, म्हणजे फरक १४-१५. कॉलेजमधून आलेला पिचर हाय-ए मध्ये २० च्या खाली असेल तर मी तरी त्याच्यावर लेख लिहिणार नाही. शाळेतून आलेला १९ वर्षांचा असेल तर १५ लाही थांबून पाहावे. नमुना किती हवा? स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण ७० बॅटरनंतर बोलू लागते, वॉकचे १७० नंतर. ड्राफ्टच्या वर्षी टाकलेल्या सात-आठ इनिंगवरून काहीच काढू नये. २०२१ पासून ड्राफ्टच जुलैत होतो, आणि कॉलेजचा पिचर तोवर त्या वसंतात ८०-१०० इनिंग टाकून दमलेला असतो. अनेक क्लब त्याला त्या उन्हाळ्यात सामन्यात उतरवतही नाहीत.

एफआयपी (क्षेत्ररक्षणाचा वाटा वगळून काढलेला ईआरएसारखा आकडा) काढायचा तर कागद-पेन्सिल पुरते. होमरन गुणिले १३, त्यात वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांच्या बेरजेची तिप्पट मिळवा, स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि ३.१० च्या आसपासचा स्थिरांक मिळवा. समजा १०० इनिंग, १० होमरन, ३५ वॉक, ५ अंगावर, ११० स्ट्राइकआउट. १३० अधिक १२० वजा २२० म्हणजे ३०. शंभराने भागून ०.३०, एफआयपी ३.४०. याच मुलाचा ईआरए ४.७० असेल तर तो पडला नाही, त्याच्यामागचे इनफिल्ड पडले. उलट ईआरए २.१० आणि एफआयपी ४.४० असेल तर टाळ्या वाजवण्याआधी थांबा. एफआयपीतही एक भोक आहे: खालच्या लीगमध्ये पोरांच्या हातात ताकद आलेली नसते, त्यामुळे उंच उडालेले चेंडू कुंपणाच्या आत पडतात. तेच ट्रिपल-ए मध्ये बाहेर जातात. म्हणून होमरन कमी दिसले की ग्राउंड बॉल किती, हेही पाहावे.

वयाचा मुद्दा इथेच जोडतो. सिंगल-ए मधले बॅटर बहुतेक १९ ते २१ चे, हाय-ए मध्ये २१ ते २३ चे, डबल-ए मध्ये २२ ते २४ चे. ट्रिपल-ए मध्ये मेजरमधून खाली आलेले तिशीचे गडीही भेटतात. चोविसाव्या वर्षी सिंगल-ए मध्ये ३४ टक्के स्ट्राइकआउट घेणे म्हणजे बारावीच्या मुलाने आठवीच्या पेपरात पहिला येणे. त्याचा दोष नाही, पण त्याने सिद्धही काही होत नाही. अशा मुलाला क्लब मे महिन्यात वर नेतो की ऑगस्टपर्यंत तिथेच ठेवतो, हा खरा निकाल. क्लबकडे आपल्यापेक्षा दसपट माहिती असते, आणि ती त्याच्या हालचालीतून गळते.

लीगचे वातावरणही ध्यानात घ्यावे लागते. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की ५००० फुटांहून उंच आहे आणि रीनो सुमारे ४५०० फुटांवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो, शिवाय वळतही कमी. तिथला ५.२० चा ईआरए आणि इंटरनॅशनल लीगमधला ५.२० एक नव्हेत. ट्रिपल-ए मध्ये २०२३ साली सगळ्या मैदानांवर यंत्राने स्ट्राइक ठरवण्याचा प्रयोग आला तेव्हा वॉक वाढले, कारण कडेचे जे चेंडू अंपायर देत असे ते यंत्र देईना. त्याच वर्षी डबल-ए च्या सदर्न लीगमध्ये पहिल्या अर्ध्या हंगामात चिकट लेप दिलेले चेंडू वापरले गेले. पकड चांगली मिळाली, स्ट्राइकआउट फुगले. त्या अर्ध्या हंगामाचे आकडे जसेच्या तसे कोणी उद्धृत केले की हसू येते.

वेळापत्रकाचेही तसेच. २०२१ पासून मालिका सहा सामन्यांची असते, मंगळवार ते रविवार, सोमवारी सुटी. स्टार्टर आठवड्यातून एकदाच टाकतो, त्यामुळे हंगामात १०० ते १३० इनिंग हीच भरगच्च मजुरी. मेजरमध्ये चार-पाच दिवसांच्या विश्रांतीवर टाकावे लागते, ती कसोटी इथे होतच नाही. रिलीव्हरला मात्र एकाच आठवड्यात तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात. मंगळवारी भुललेला बॅटर शनिवारी त्याच स्लायडरला (बाजूला वळणाऱ्या चेंडूला) भुलतो का, हे बॉक्स स्कोअरमधून काढता येते आणि त्यातून बरेच कळते. काही क्लब दोन पिचरना एकच सामना वाटून देतात, चार इनिंग एक, चार दुसरा. तेव्हा ‘सुरुवात शून्य, इनिंग ८५’ असे दिसले म्हणून त्याला रिलीव्हर समजू नये.

आता बिनसते कुठे? बहुतेकांचे डबल-ए मध्ये. खालच्या लीगमध्ये बॅटर झोनबाहेरच्या स्वीपरच्या (खूप बाजूला वळणाऱ्या चेंडूच्या) मागे धावतो. डबल-ए चा बॅटर तो सोडून देतो. मग काउंट २-० (दोन झोनबाहेरचे चेंडू, एकही स्ट्राइक नाही) होतो, फास्टबॉल मधोमध टाकावा लागतो, आणि ९१ मैलांचा सरळ फास्टबॉल तिथे कोणी चुकत नाही. डावखुरा, वेग ८८-९०, चेंजअप झकास, अशा पिचरचे सिंगल-ए मधले आकडे सर्वांत जास्त फसवतात, कारण विशीतल्या मुलांनी असा चेंजअप फारसा पाहिलेलाच नसतो. काइल हेंड्रिक्स (आठवी फेरी, २०११) ८८ मैलांच्या आसपासच्या चेंडूवर २०१६ मध्ये २.१३ चा ईआरए देऊन गेला खरा, पण त्याचे वॉक प्रत्येक पायरीवर अत्यल्प होते. कमी वेगाच्या पिचरला ६ टक्क्यांवर वॉक परवडत नाहीत. ९७ वाल्याला १० चालून जातात.

दुसरी पडझड उलट्या हाताच्या बॅटरसमोर होते. बाजूने हात टाकणारा उजवा पिचर उजव्या बॅटरना गुंडाळतो, पण डाव्या बॅटरला चेंडू सुटल्यापासून दिसतो. पूर्वी असा माणूस एका बॅटरपुरता आणता येई. २०२० पासून रिलीव्हरला तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट यापैकी एक गाठावेच लागते, त्यामुळे एकतर्फी पिचरचा भाव पडला. म्हणून दोन्ही बाजूंचे वॉक आणि स्ट्राइकआउट वेगवेगळे पाहावेत; डाव्यांसमोर कटर (शेवटी जरासा बाजूला सरकणारा वेगवान चेंडू) किंवा चेंजअप आला आहे का, हे त्याच्या पुढच्या बढतीचे उत्तम लक्षण.

आणि अपेक्षाही ताळ्यावर हवी. ११व्या फेरीनंतरचा पिचर मेजरला पोचलाच तर बहुतेक वेळा रिलीव्हर म्हणून पोचतो. लहान स्पेलमध्ये वेग एक-दोन मैल वाढतो, तिसऱ्या पिचची (चेंडूच्या प्रकाराची) गरज उरत नाही. जॉश हेडर (१९वी फेरी, २०१२) दोनदा ट्रेडमध्ये गेला, मायनरमध्ये वर्षानुवर्षे स्टार्टर होता; २०१७ मध्ये मिल्वॉकीने बुलपेनमध्ये आणले आणि मग तो नावाजलेला हेडर झाला. त्याच्या खालची पायरी म्हणजे ट्रिपल-ए आणि मेजर यांच्यात ये-जा करणारा. मेजरच्या २६ जणांच्या संघात १३ हून जास्त पिचर ठेवता येत नाहीत, म्हणून हात थकले की क्लब ताजा हात खालून मागवतो. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असे खाली पाठवता येत नाही. ही ये-जा ऐकायला कुचंबणा वाटते, पण २०२३ मध्ये ट्रिपल-ए चा वार्षिक पगार ३५,८०० डॉलर होता आणि मेजरचा किमान पगार ७,२०,००० होता, दिवसांच्या हिशेबाने. सतराव्या फेरीतल्या मुलासाठी हे अपयश नव्हे.

एक शंका मराठी वाचक हमखास काढतात ती रिंकू सिंगची (क्रिकेटमधला नव्हे). भालाफेकीतून आलेला हा डावखुरा आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्गने २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेनंतर करारबद्ध केले. ड्राफ्टशी त्यांचा संबंध नव्हता. हाताला वेग होता, पण दुसरा विश्वासू पिच आणि झोनमधली जागा बालपणापासून हजारो चेंडू टाकून येते. सिंग सिंगल-ए पर्यंत पोचला, हेच त्या परिस्थितीत मोठे होते.

दुखापतीची चाहूल आकड्यांत आधी लागते. महिनाभरात सरासरी वेग दोन मैलांनी उतरला, हात सुटण्याची जागा दोन-तीन इंचांनी खाली आली, वॉक अचानक दुप्पट झाले, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढची बातमी बहुधा सात दिवसांच्या दुखापत यादीची असते आणि त्यापुढची साठ दिवसांच्या. ‘डेव्हलपमेंट लिस्ट’ म्हणजे दुखापतच असे नाही. तिथे पिचरला सामन्यातून काढून नवा पिच शिकवतात किंवा त्याच्या इनिंग वाचवतात.

शेवटी घड्याळ. २०२४ पासून प्रत्येक क्लबला अमेरिकेतल्या मायनर खेळाडूंची यादी १८० वरून १६५ वर आणावी लागली. हळूहळू पिकणाऱ्या मुलांना आता कमी वेळ मिळतो. मार्चच्या अखेरीस कॅम्प (हंगामापूर्वीचे सराव शिबिर) संपताना जी नावे कापली जातात त्यांत उशिराच्या फेरीतले पिचरच जास्त. जे टिकतात त्यांचा निकाल नोव्हेंबरच्या मध्यात लागतो. एकोणीस किंवा त्याहून मोठ्या वयात करार केलेल्याला चार हंगामांनंतर, अठरा किंवा कमी वयात केलेल्याला पाच हंगामांनंतर क्लबच्या ४० जणांच्या (मेजरसाठी राखलेल्या) यादीत घ्यावे लागते. नाहीतर डिसेंबरच्या रूल-फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कोणताही क्लब त्याला एक लाख डॉलरला उचलू शकतो. २०२२ ला आलेला कॉलेजचा पिचर डिसेंबर २०२५ मध्ये पात्र झाला, त्याच वर्षी शाळेतून अठराव्या वर्षी आलेला २०२६ मध्ये होईल. उचलणाऱ्या क्लबने त्याला पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवले नाही तर पन्नास हजारांत परत देऊ करावे लागते, म्हणून उचलले जातात ते बहुतेक असे पिचर ज्यांचा एखादा पिच आजच मेजरमध्ये चालेल. बारा-तेराव्या फेरीतल्या एखाद्याला त्याच्या क्लबने त्या यादीत घेतले, किंवा दुसऱ्याने रूल-फाइव्हमध्ये उचलले, तर त्या दिवशी त्याची फेरी पुसली गेली असे समजावे.

त्या आठवड्यात आपल्या पानावर या नव्या नावांची एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. नावापुढे वय, साइनिंग बोनस, सामोरे आलेले बॅटर, स्ट्राइकआउट आणि वॉक एवढे रकाने पुरेत. ईआरएचा रकाना गाळला तरी हरकत नाही.

आपला,
बेसबॉलचा एक वाचक